डिग्रीवर ज्यांचं नाव, त्यांची शाळा कोणती?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कुठल्याही कॉलेजात शिकत असाल तर तुमची मार्कशीट एकदा काढून बघा. सगळ्यात वर विद्यापीठाचं नाव आहे : कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. एवढं लांब नाव आपण कधी पूर्ण उच्चारत नाही. 'उमवि' म्हणतो आणि मोकळे होतो.

पण एक गंमत बघा. बी.कॉम. असो, बी.एस्सी. असो की एमबीए, प्रत्येक पदवीवर ज्या बाईंचं नाव छापलं जातं, त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

आता दुसरीकडे बघा. तुमच्या नात्यात नाहीतर गल्लीत असा एखादा दादा किंवा ताई नक्की असेल. इंजिनीअरिंग केलं, पुण्याला नाहीतर नाशिकला कंपनीत लागले, आठ-दहा वर्षं झाली, पगार बरा आहे, हाताखाली माणसं आहेत. आणि एक दिवस ते घरी सांगतात, एक्झिक्युटिव्ह एमबीए करतोय. शनिवार-रविवार क्लास, आठवडाभर ऑफिस. घरचे कपाळाला हात लावतात. आता या वयात पुन्हा शाळा कशाला?

हा प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही, तुमचाही आहे. टीवायला असाल तर सध्या डोक्यात तेच चाललंय ना? लगेच कर्ज काढून एमबीए करायचं की आधी चार वर्षं काम करायचं? शिकणं आधी की अनुभव आधी?

याचं उत्तर शोधायला आपण जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवरच्या असोद्याला जाऊ. भरताच्या वांग्यांमुळे खवय्यांना हे गाव ठाऊक आहे. बहिणाबाईंचा जन्म इथलाच.

असोद्याची लेक

साल १८८०. नागपंचमीचा दिवस. उखाजी महाजन आणि भिमाई यांच्या घरी मुलगी झाली. घर शेतकऱ्याचं. घमा, गना, घना हे तीन भाऊ आणि अहिल्या, सीता, तुळसा या तीन बहिणी. भरलेलं घर, अंगणात गुरं, मागे शेत.

त्या काळी शेतकऱ्याच्या घरातल्या मुलीला शाळेत घालायची पद्धतच नव्हती. म्हणून ती काही शिकली नाही का? शिकली तर. पेरणी कधी करायची, पाखरं कधी राखायची, जात्यात किती दाणे घालायचे, चूल किती पेटती ठेवायची, घरात कोण कधी कशावर रुसतं. हे सगळं बघून आणि करून शिकायचं. परीक्षा रोजचीच. नापास झालं की भाकरी करपायची नाहीतर पीक हातचं जायचं.

आखाजीचे झोके, पोळा, गुढीपाडवा हे सण आणि देवळातली भजनं-कीर्तनं हीदेखील त्या शाळेतली तासिका म्हणा. ओव्या, म्हणी, देवांच्या गोष्टी आणि गावची बोली त्यांच्या कानांवर पडत राहिली. पुस्तक न उघडता या मुलीकडे शब्दांचा मोठा साठा जमला. तो साठा आपल्याकडे आहे हे तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नसेल.

तेराव्या वर्षी जळगावात

१८९३ च्या सुमारास जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचं लग्न झालं. वय तेरा. आज तेराव्या वर्षी आपण आठवीत असतो आणि आई डबा भरून देते.

जळगाव तेव्हा वाढत होतं. रेल्वे आली होती, खानदेशच्या कापसाला बाजार मिळाला होता. पुढे १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठिकाण बनलं, तर धुळे पश्चिमचं. पण गाव वाढलं म्हणून सुनेचं काम थोडंच बदलतं? पहाटे दळण, मग चूल, मग शेत, पुन्हा चूल. ओंकार आणि सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी. शेतात निंदणी-खुरपणी, कपाशीची वेचणी, खळ्यावर उफणणी.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. अशा एकत्र घरात धाकट्या सुनेला हुकूम सोडता येत नाही. तिला काम करून घ्यायचं असेल तर समोरच्याचा स्वभाव ओळखावा लागतो. कुठे नमतं घ्यायचं, कुठे हसून टोला हाणायचा, कुठे गप्प बसायचं, हे कळावं लागतं. बहिणाबाईंच्या गाण्यांत अशी माणसं जागोजागी भेटतात. त्यांनी माणसांवर टीका केली तीही मिश्कीलपणे केली. माणूस नीट बघितल्याशिवाय असं लिहिता येत नाही. माफ करा, त्यांच्या बाबतीत 'रचता येत नाही' म्हणायला हवं.

तिशीत आलेला डोंगर

बहिणाबाई ऐन तिशीत होत्या तेव्हा नथूजी गेले. सोपानदेवांचा जन्म १९०७ चा, म्हणजे धाकटा मुलगा अजून शाळेच्या वयाचाही नव्हता. त्या काळात प्लेगच्या साथी येत-जात होत्या. मोठ्या मुलाला, ओंकारला प्लेगने गाठलं. जीव वाचला, पण कायमचं अपंगत्व आलं.

आता त्या वेळचा कायदा बघा. एकत्र कुटुंबातल्या हिंदू विधवेला मालमत्तेत हिस्सा नव्हता. पोटापुरतं मागायचा हक्क तेवढा होता. विधवांना मालमत्तेत काही हक्क देणारा कायदा आला १९३७ मध्ये, आणि तोही मर्यादित. म्हणजे तीन मुलांची जबाबदारी पूर्ण, अधिकार मात्र कागदावर जवळपास शून्य.

कंपनीत काम करणाऱ्या त्या दादाला विचारा. तो सांगेल की मॅनेजरची सगळ्यात मोठी अडचण हीच असते. प्रोजेक्ट तुमच्या गळ्यात, पण टीममधली निम्मी माणसं दुसऱ्याच साहेबाची. बढती-पगार काही तुमच्या हातात नाही. तरी काम वेळेत हवंच. अनुभवी लोकांसाठीच्या बिझनेस कोर्समध्ये याच विषयावर तासन्‌तास चर्चा होते : हातात अधिकार नसताना माणसं तुमच्यामागे का यावीत?

बहिणाबाईंना कंपनीची सीईओ ठरवायचं नाहीये, तो खुळेपणा होईल. त्यांनी ना धंदा काढला, ना संस्था. त्यांनी घर उभं ठेवलं. पण जबाबदारी आणि अधिकार यांच्यातली जी दरी एखाद्या मॅनेजरला वर्षभर छळते, त्या दरीत त्या पुढची चाळीस वर्षं राहिल्या. आणि त्यात त्यांचं मन कडू झालं नाही.

वैधव्यावरच्या त्यांच्या एका गाण्यात हात बघायला आलेल्या ज्योतिष्याला त्या दारातूनच परत पाठवतात. दुसऱ्या एका गाण्यात दुःख सांगून झाल्यावर त्या स्वतःच्या हातात उरलेल्या बळाचा हिशोब मांडतात. काय गेलं याची यादी आहे, तशीच काय शिल्लक आहे याचीही. संकटात सापडलेल्या कुठल्याही माणसाला पहिल्यांदा हाच हिशोब करावा लागतो.

जात्यावरचा तास

आता मुख्य मुद्दा. शेतात आणि चुलीपाशी राबणाऱ्या बायका त्या काळी गावोगाव होत्या. कष्ट सगळ्यांच्या वाट्याला होते. मग बहिणाबाईच आपल्याला का माहीत आहेत?

कारण त्या काम करता करता कामाकडे बघत होत्या. दळताना जात्याकडे, शेतात मोटेकडे, झाडावर सुगरणीच्या खोप्याकडे. बघितलं, त्यावर विचार केला आणि त्यातून सगळ्यांना लागू पडेल असं काहीतरी काढलं. सुगरणीचं घरटं पाहून त्या माणसाला त्याच्या हातांची आठवण करून देतात. पिकात शिरणाऱ्या गुरावरून मनाचा चंचलपणा सांगतात. प्लेगची साथ हा त्यांच्या गाण्याचा विषय झाला, आणि जळगावातला छापखानाही. स्वतःला अक्षरओळख नसलेली बाई छापखान्यावर गाणं रचते, हे एकदा डोक्यात घोळवून बघा.

'योगी आणि सासुरवाशीण' हे गाणं तर संवादच आहे. योगी सासुरवाशिणीला विचारतो, एवढं माहेर माहेर करतेस तर सासरी आलीसच का? ती उत्तर देते. संसार सोडलेल्या माणसाला संसारातली बाई समजावते आणि योगी निरुत्तर होतो. ज्ञान कोणाकडे असतं, या प्रश्नाचं बहिणाबाईंचं उत्तर या गाण्यात आहे.

अमेरिकेत डेव्हिड कोल्ब नावाच्या प्राध्यापकाने १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्यावर एक पुस्तक लिहिलं. मॅनेजमेंट शिकवणाऱ्यांमध्ये ते फार प्रसिद्ध आहे. त्यातली कल्पना साधी आहे. माणूस चार पायऱ्यांनी शिकतो : आधी अनुभव येतो, मग तो मागे वळून त्याच्याकडे बघतो, त्यातून एखादा नियम काढतो आणि तो नियम पुढच्या कामात वापरून बघतो. यातली दुसरी पायरी आपण बहुतेक जण गाळतो. नुसती दहा वर्षं काम केलं म्हणून दहा वर्षांचा अनुभव जमत नाही. कित्येकांकडे एकाच वर्षाचा अनुभव असतो, दहा वेळा काढलेला.

बहिणाबाईंनी ही दुसरी पायरी कधी गाळली नाही. त्यासाठी त्यांना वेगळा वेळ मिळत नव्हता, म्हणून जात्यापाशीच ती चढली.

मग दादा क्लासला का जातो?

एक्झिक्युटिव्ह एमबीए म्हणजे हीच दुसरी पायरी चढण्यासाठी लावलेला क्लास. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, नोकरी करणाऱ्यांसाठी असा पहिला एमबीए सुरू केला. कारखाने झपाट्याने वाढत होते आणि ते चालवणारी माणसं कामातून सुटू शकत नव्हती. मग शाळेनेच त्यांच्या वेळेत बसायचं ठरवलं.

आपल्याकडे मुंबईत १९६५ मध्ये जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था उभी राहिली, अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या सहकार्याने. तिथल्या मार्केटिंग, फायनान्स, मनुष्यबळ या विषयांच्या तीन वर्षांच्या पार्ट-टाइम मास्टर्सना नोकरदारांनी वर्षानुवर्षं गर्दी केली. दिवसभर ऑफिस, संध्याकाळी क्लास, मग शेवटच्या लोकलने घर. अहमदाबादच्या आयआयएमने २००६ मध्ये खास अनुभवी लोकांसाठी 'पीजीपीएक्स' हा एक वर्षाचा पूर्णवेळ कोर्स काढला. त्याला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो. नागपूरचं आयआयएम २०१५ चं, तेही नोकरी करणाऱ्यांसाठी कोर्स चालवतं.

या वर्गांत शिकवायची पद्धत आपल्या लेक्चरसारखी नसते. बऱ्याचदा केस स्टडी असते. एखाद्या खऱ्या कंपनीसमोर उभा राहिलेला पेच तेवढा मांडतात, उत्तर आयतं मिळत नाही. वर्गात बँकवाला असतो, कारखान्यातला असतो, कधी डॉक्टर, कधी फौजेतून आलेला अधिकारी. एक म्हणतो संप होऊ द्यायचा नाही, दुसरा म्हणतो आमच्याकडे झाला होता, असं निस्तरलं. प्रोफेसर दोघांनाही खोदून विचारतात. शिवाय हाताखालची माणसं, बरोबरीचे आणि साहेब असे सगळे मिळून तुमच्याबद्दल काय म्हणतात, ते लेखी तुमच्या हातात देतात. आपण उत्तम साहेब आहोत असं समजणाऱ्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होतो म्हणे!

म्हणजे अनुभव तिथे शिकवत नाहीत. तो विद्यार्थ्याने सोबत आणायचा असतो. कॉलेज त्याला आरसा देतं आणि भांडायला बरोबरीची माणसं देतं.

कॅनडातले हेन्री मिंट्झबर्ग हे मॅनेजमेंटचे नावाजलेले अभ्यासक. त्यांनी २००४ मध्ये एक पुस्तक लिहून बिझनेस स्कूलनाच फैलावर घेतलं. त्यांचा मुद्दा असा : ज्याने कधी माणसं सांभाळली नाहीत, त्याला वर्गात बसवून माणसं सांभाळायला शिकवता येत नाही. हिशोब शिकवता येतो, आकडेमोड शिकवता येते. नेतृत्व मात्र हाताशी अनुभव असेल तरच त्यावर काम करून वाढतं. नुसती टीका करून ते थांबले नव्हते. १९९६ पासूनच त्यांनी इतरांच्या साथीने फक्त काम करणाऱ्या मॅनेजर्ससाठी एक मास्टर्स कोर्स चालवायला घेतला होता. त्यात आत्मचिंतनाला पहिलं स्थान आहे.

असोद्यातल्या आजीबाईंना हे सांगितलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या? तो विनोद तुम्हीच करा.

ती वही नसती तर?

बहिणाबाईंच्या आयुष्यातला शेवटचा धडा त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे, आणि आपल्या पिढीसाठी तोच सगळ्यात कामाचा.

त्या गात होत्या, पण लिहू शकत नव्हत्या. गाणं म्हटलं आणि हवेत विरलं. मात्र घरात दोन मुलं अशी होती ज्यांनी कान उघडे ठेवले : मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर चौधरी. आई कामात असायची, गाणी ओठांवर असायची आणि ही मुलं ती कागदावर उतरवायची. सोपानदेव पुढे स्वतः नावाजलेले कवी झाले. त्यांचे संग्रह छापून आले. आईची गाणी मात्र वहीतच होती.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती वही सोपानदेवांनी आचार्य अत्रे यांच्यापुढे ठेवली. अत्र्यांना ऐकताक्षणी कळलं की हाताला काय लागलंय. हे महाराष्ट्रापासून लपवून ठेवता येणार नाही, असा हट्टच त्यांनी धरला. १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. खानदेशातल्या बोलीतलं पुस्तक सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. १९६१ मध्ये 'मानिनी' सिनेमातून काही गाणी घरोघरी पोचली. मग ती शाळेच्या पुस्तकांत आली. तुम्ही-आम्ही ती तिथेच भेटलो.

आणि हे सगळं बघायला त्या नव्हत्या. छापलेलं स्वतःचं पुस्तक त्यांनी हातातही घेतलं नाही. जे कागदावर उतरलं नाही ते तर त्यांच्याबरोबरच गेलं. किती गेलं, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून म्हणते, अनुभवाला ऐकणारं आणि टिपून ठेवणारं कोणीतरी लागतं. एक्झिक्युटिव्ह कोर्सचा दुसरा अर्धा भाग हाच आहे. दहा वर्षं पोटात ठेवलेलं माणूस तिथे बाहेर काढतो, शब्दांत मांडतो, दुसऱ्यांपुढे ठेवतो. त्यावर शिक्का बसतो, आणि मग जगाला दिसतं की याला काहीतरी येतं. बहिणाबाईंना असा वर्ग मिळाला नाही. त्यांना दोन मुलं आणि एक वही मिळाली, तीही नशिबाने.

नाव मिळालं, दार?

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळं होऊन जळगावला सुरू झालं. २०१८ मध्ये त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. विद्यापीठांना राजांची, पुढाऱ्यांची, समाजसुधारकांची नावं देतात. शाळेची पायरी न चढलेल्या शेतकरी बाईचं नाव विद्यापीठाला देणं ही मोठी गोष्ट आहे.

पण एक प्रश्न टोचतो. आजच्या असोद्यात अशी एखादी बाई असेल, जिने वीस वर्षं बचत गट चालवला, कर्जं फेडून घेतली, भांडणं मिटवली, तर तिला कुठल्या कोर्सला प्रवेश मिळेल? एक्झिक्युटिव्ह एमबीएला अनुभव लागतो, पण त्याआधी पदवी लागते. फी लाखांच्या घरात असते आणि बऱ्याच जणांची ती कंपनी भरते. म्हणजे अनुभव मोजतात तो ऑफिसातलाच. शेतातला, चुलीपुढचा, दुकानाच्या गल्ल्यावरचा अजून मोजणीत यायचाय.

थोडी हालचाल सुरू आहे. २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात कामाच्या अनुभवालाही क्रेडिट देण्याची सोय ठेवलेली आहे. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी-घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे आणि तिथे एमबीएही करता येतं. वाट अरुंद आहे, पण आहे.

तुमच्यासाठी काय?

एवढं वाचलंत तर आता थेट बोलू.

लगेच एमबीए करणं चूक आहे असं नाही. फायनान्स, अकाउंट्स, डेटा यातलं काही शिकायचं असेल तर लवकर शिकलेलं बरंच. पण 'लीडरशिप' शिकायला म्हणून कर्ज काढत असाल तर थांबा. आधी दोन-चार वर्षं कुठेतरी राबा. माणसांत राबा. मग त्या वर्गात बसाल तेव्हा सांगायला तुमच्याकडे काहीतरी असेल.

कोर्स निवडताना दोन गोष्टी तपासा. एक, ती पदवी आहे की सर्टिफिकेट. 'एक्झिक्युटिव्ह' नावाखाली काही महिन्यांचे सर्टिफिकेट कोर्सही विकले जातात आणि जाहिरातीत फरक बारीक अक्षरात असतो. आयआयएमनाही पदवी द्यायचा अधिकार मिळाला तो २०१७ च्या कायद्याने, त्याआधी ते डिप्लोमा देत. दोन, वर्गात शेजारी कोण बसणार. अशा कोर्समध्ये निम्मं शिक्षण शेजारच्या बाकावरून येतं.

आणि कोर्सची वाट न बघता आजपासून करता येईल अशी गोष्ट म्हणजे वही. एनएसएसचा कॅम्प घेतला, गणेश मंडळाचा जमाखर्च सांभाळला, बाबांच्या दुकानात दिवाळीची गर्दी झेलली, तर रात्री दहा ओळी लिहा. काय झालं, कुठे चुकलं, पुढच्या वेळी काय बदलू. चार वर्षांनी ती वही तुमच्या सीव्हीपेक्षा जास्त बोलेल.

दुसरी वही घरातल्यांसाठी ठेवा. आई, आजी, शेतात राबणारे काका. ते जे बोलता बोलता सांगून जातात, ते टिपून घ्या. मोबाइलवर रेकॉर्ड करा. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, म्हणून त्यांना वाटतं आपल्याला काही येत नाही.

जुन्या जळगावातल्या चौधरी वाड्यात बहिणाबाईंच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. कॉलेजला दांडी मारून सिनेमाला जाता, तसं एकदा तिथेही जाऊन या. ते सगळं डोळ्यांनी बघा. आणि मग घरी येऊन आजीला विचारा, तू माझ्या वयाची होतीस तेव्हा काय करत होतीस?

पेन हातात ठेवा. उत्तर लांबलचक असणार आहे.